बँडपुढे बासरी टिकेल?

नांदेड-लातूरकडच्या वरातीत बँडची मुख्य चाल क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेटवर वाजते, बासरीवर नव्हे. बासरीची फुंकर छिद्राच्या कडेवर फुटते, खालच्या सप्तकात सूर मऊ राहतो आणि पितळी वाद्यांखाली दबतो. म्हणून बासरी आणि बँडचा मेळ जमणारच नाही, हे म्हणणे मात्र टिकत नाही. फ्रेंच संगीतकार सेसिल शामिनाद यांची १९०२ची बासरीसाठीची ‘कॉन्सर्टिनो’ ही रचना पुढे फुंकवाद्यांच्या बँडसाठीही बसवली गेली. सोपी युक्ती अशी: बासरी गाते तेव्हा साथ विरळ, ती थांबली की बँड भरून वाजतो. माईक लावला की झाले, असे कोणी म्हणेल. पण माईक आवाज वाढवतो, रचनेतला तोल साधत नाही. मराठवाड्यातल्या बँडपथकांनी एक तरी धून बासरीसाठी बसवावी.