द फ्रेशमन
द फ्रेशमन ही ‘चॉइसेस’ या मोबाइल खेळातील, विद्यापीठीय जीवनावर आधारित दृश्य कादंबरी आहे. अमेरिकेतील पिक्सेलबेरी स्टुडिओज या कंपनीने २०१६ साली ‘चॉइसेस’ प्रकाशित केला. त्यातील आरंभीच्या कथांपैकी ही एक होय. दृश्य कादंबरीत चित्रे आणि संवाद यांच्या आधारे कथा उलगडते व मधूनमधून वाचकाला पर्याय निवडावा लागतो.

हार्टफेल्ड या काल्पनिक विद्यापीठात मुख्य पात्र प्रथम वर्षाला दाखल होते. लेखनाची ओढ असलेला जेम्स, फुटबॉलपटू ख्रिस की संगीतात रमणारी केटलिन, यांपैकी कोणाशी जवळीक वाढवायची हे खेळाडू ठरवतो. सुहास शिरवळकर यांच्या ‘दुनियादारी’त मैत्री-प्रेमाचे असे निर्णय लेखकानेच घेतलेले असतात.

मात्र हे स्वातंत्र्य सर्वस्वी मोफत नाही. काही पर्यायांसाठी ‘हिरे’ मोजावे लागतात. ते खेळताना थोडे-थोडे मिळतात, अन्यथा खऱ्या पैशांनी विकत घ्यावे लागतात. हिरे नसलेल्या खेळाडूला आवडत्या पात्राची निवांत भेट सोडून पुढे जावे लागते. निवडींमुळे संवाद व नाती बदलतात. मुख्य कथानक बहुतांशी ठरलेल्या वाटेनेच चालते.

हीच पात्रे पुढे ‘द सोफोमोर’, ‘द ज्युनियर’ आणि ‘द सीनियर’ या भागांत येतात.