राणी मुंगीला आधी उपाशी राहू द्या

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला, की दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात दिव्याखाली पंखांच्या किड्यांचा खच पडतो. सकाळी अंगण झाडताना नुसते पंखच पंख निघतात. ‘मरणकाळी मुंगीला पंख फुटतात’ ही म्हण अशाच एखाद्या सकाळी कुणाला तरी सुचली असावी.

ही म्हण निम्मीच खरी आहे. उडालेले नर मीलनानंतर एक-दोन दिवसांत मरतात, हे खरे. पण मादीचे आयुष्य तिथून सुरू होते. ती जमिनीवर उतरते, पाय आणि अंग घासून स्वतःचे पंख स्वतःच पाडते आणि ओल्या मातीत बीळ करून आत शिरते. जगली वाचली तर तीच उद्याच्या वारुळाची राणी. एकदाच झालेल्या त्या मीलनातले शुक्राणू ती पोटातल्या एका लहान पिशवीत आयुष्यभर जपून ठेवते. फलित अंड्यांतून माद्या, म्हणजे कामकरी मुंग्या आणि पुढच्या राण्या जन्मतात, तर अफलित अंड्यांतून नर.

अशी राणी काचेच्या नळीत ठेवून तिचे कुटुंब वाढताना पाहण्याचा छंद परदेशात जुना आहे. मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे आता आपल्याकडची शाळकरी मुलेही त्यात रमू लागली आहेत. खर्च जवळजवळ नाही आणि शिकायला भरपूर. पण यातल्या पुष्कळ राण्या पहिल्याच महिन्यात मरतात, आणि बहुतेकदा पाळणाऱ्याच्या अतिकाळजीपायी. माझी पहिली राणी मी मधात बुडवून मारली. ‘बिचारी उपाशी असेल’ म्हणून नळीत मधाचा टपोरा थेंब सोडला. सकाळी ती त्यात चिकटून पडली होती.

मुंगी की वाळवी?

दिव्याभोवती घोंगावणारे सगळे किडे मुंग्या नसतात. त्यात वाळवीच खूप असते. ओळखायला तीन खुणा पुरेत. मुंगीची कंबर बारीक, दोरा आवळल्यासारखी असते. वाळवीचे अंग सरळ, एकसारखे जाड असते. मुंगीच्या डोक्यावरच्या मिशा कोपरात वाकलेल्या असतात. वाळवीच्या सरळ, मण्यांच्या माळेसारख्या दिसतात. मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान. वाळवीचे चारही पंख सारख्याच लांबीचे. वाळवीत राजा आणि राणी जोडीने घर मांडतात. मुंगीत मात्र राणी एकटीच असते. वाळवीची जोडी चुकून घरातल्या लाकडाजवळ ठेवाल तर छंद महागात पडेल.

पंख गळालेली, जमिनीवर घाईघाईने बीळ शोधत फिरणारी मोठी मुंगी ही बहुधा मीलन झालेली राणी असते. तिची छाती कामकरी मुंगीपेक्षा बरीच फुगीर असते आणि छातीच्या बाजूंना पंख तुटल्याच्या खुणा दिसतात. सुरुवात करणाऱ्याने आपल्या ओळखीचा मोठा काळा डोंगळा निवडावा. शास्त्रात याला ‘कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस’ म्हणतात. हा भारतभर आढळतो, काटक आहे आणि त्याला नांगी नसते.

पंखांचेच अन्न

डोंगळ्याची राणी स्वतःला बिळात कोंडून घेते. पहिली लेक मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत ती काही खात नाही. मग ती जगते कशावर, आणि पिल्लांना भरवते काय?

उत्तर तिच्या छातीत असते. उडण्यासाठीचे तिचे स्नायू चांगले दणकट असतात. पंख गळाले की त्यांचे काम संपते. शरीर ते स्नायू विरघळवून टाकते. त्यातून मिळणारी प्रथिने आणि पोटात साठवलेली चरबी यांवर राणी तग धरते, अंडी घालते आणि निघालेल्या अळ्यांना तोंडातून पातळ अन्न भरवते. काही अंडी तर अळ्यांना खाऊ म्हणूनच घातलेली असतात. डोंगळ्यांच्या शरीरात आणखी एक सोबती असतो. त्यांच्या आतड्यालगतच्या पेशींत राहणारे जिवाणू निकृष्ट अन्नातूनही आवश्यक अमिनो आम्ले तयार करून देतात.

म्हणून या काळात राणीला अन्न नको. पाणी, अंधार आणि शांतता एवढेच तिला हवे असते. अन्न दिले तर त्याला बुरशी लागते, आणि बंद नळीतली बुरशी अंड्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

नळीतली बाळंतिणीची खोली

शाळेच्या प्रयोगशाळेतली साधी परीक्षानळी घ्या. तिसरा हिस्सा स्वच्छ पाण्याने भरा. कापसाचा घट्ट बोळा पाण्याला टेकेपर्यंत आत सरकवा. बोळा ओला व्हावा, पण पाणी गळता कामा नये. राणीला आत सोडा आणि तोंडाला कोरडा बोळा लावा. त्यातून हवा खेळते, पण राणी बाहेर येत नाही. नळी आडवी ठेवा, घरंगळू नये म्हणून खाली मातीचा किंवा कणकेचा आधार द्या.

वर जाड कागदाची गुंडाळी घाला. पाहताना लाल रंगाचा पारदर्शक कागद वापरला तर उत्तम, कारण बहुतेक मुंग्यांना लाल प्रकाश नीट दिसत नाही. आपल्याकडची जुनी बाळंतिणीची खोली आठवा. अंधारी, उबदार, जिथे येणे-जाणे कमी. राणीला नेमके तेच हवे असते. २५ ते २८ अंश तापमान तिला मानवते. पावसाळ्यात हे आपोआप जमते. उन्हाळ्यात गोंदियाचा पारा पंचेचाळिशीकडे जातो, तेव्हा नळी माठाजवळ किंवा घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात हलवावी. खिडकीत, टीव्हीवर किंवा फ्रिजवर ती कधीच ठेवू नये. उन्हाने नळीतले पाणी आणि हवा फुगून राणी बुडू शकते, आणि यंत्रांच्या थरथरीने ती बिथरते. बिथरलेली राणी स्वतःचीच अंडी खाते.

आठवड्यातून एकदा, तेही मिनिटभर पाहायचे. सगळ्यांत अवघड काम हेच आहे. माझी दुसरी राणी मी कपाटात ठेवून चक्क विसरलो होतो, आणि तीच जगली.

पहिली अंडी काही दिवसांत दिसतात. त्यांतून पांढऱ्या अळ्या निघतात आणि पुढे त्या स्वतःभोवती रेशमी कोश विणतात. ज्याला आपण ‘मुंगीचे अंडे’ म्हणतो ते पुष्कळदा हे कोशच असतात. अंड्यापासून पहिल्या कामकरी मुंगीपर्यंत हवामानानुसार महिना ते दोन महिने लागतात. या पहिल्या लेकी आकाराने खुज्या असतात, कारण त्या आईच्या तुटपुंज्या शिदोरीवर वाढलेल्या असतात.

महिनाभरात एकही अंडे दिसले नाही, तर जिथून आणली तिथेच संध्याकाळच्या वेळी ओल्या मातीत राणीला सोडून द्यावे.

आता पान वाढायचे

पहिल्या कामकरी मुंग्या फिरू लागल्या, की अन्न सुरू करायचे. मुंग्यांना दोन गोष्टी लागतात. मोठ्या मुंग्यांना धावपळीसाठी गोड, आणि अळ्यांच्या वाढीसाठी व राणीच्या अंड्यांसाठी प्रथिने. मोठी मुंगी घन पदार्थ गिळू शकत नाही. ती फक्त द्रव पिते, तो पोटातल्या वेगळ्या कप्प्यात साठवते आणि घरी येऊन तोंडातोंडी सगळ्यांना वाटते. रानात डोंगळे झाडांवरच्या मावा आणि तुडतुड्यांचा गोड स्राव पितात, तो याचसाठी.

गोडासाठी एक भाग साखर, तीन-चार भाग पाणी. त्यात बुडवलेला कापसाचा मुगाएवढा तुकडा पुरतो. थेंब कधीही उघडा ठेवू नये. प्रथिनांसाठी मारलेला डास, माशीचा पाय किंवा उकडलेल्या अंड्याचा कण द्यावा. धानाच्या आपल्या मुलखात आणखी एक सोपी सोय आहे. साठवणीच्या तांदळात जाळी करणारी मऊ अळी गरम पाण्यात बुडवून, तुकडे करून द्यावी. गरम पाण्याने ती मरते आणि तिच्यावरचे रोगजंतूही कमी होतात. मात्र त्या तांदळात कीडनाशक गोळी ठेवलेली नसावी. फवारणीच्या औषधाने किंवा डासांच्या अगरबत्तीने मेलेला किडा दिला, तर अख्खे कुटुंब एका रात्रीत संपते.

तीन दिवसांतून एकदा, थोडेसे. दुसऱ्या दिवशी उष्टे काढून टाकायचे. दहा मुंग्यांना एका डासाचे जेवण म्हणजे पंगत झाली!

सगळ्याच राण्या उपास करत नाहीत. सह्याद्रीत आणि दक्षिण भारतात आढळणारी उड्या मारणारी मुंगी, ‘हार्पेग्नाथॉस’, हिची राणी घर मांडतानाच शिकारीला बाहेर पडते. तिला उपाशी ठेवले तर ती मरेल. काही जातींच्या मुंग्या बिया खातात. १८३५ मध्ये कर्नल साईक्स यांनी पुण्यातल्या अशा मुंग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. पावसात भिजलेल्या गवताच्या बिया त्या बिळाबाहेर आणून उन्हात वाळवत होत्या. म्हणूनच आधी जात ओळखायची आणि मग आहार ठरवायचा.

या मुंग्या घरात नकोत

झाडाच्या खोडावर फिरणारी, काळे डोके, तांबडी छाती आणि काळे पोट असलेली सडपातळ मुंगी दिसली, तर हात लावू नका. तिची नांगी जबर असते आणि काही जणांना तिच्या विषाची तीव्र ॲलर्जी होते. छोट्या लाल आगमुंग्याही टाळाव्यात. फिकट पिवळसर, अगदी बारीक ‘फॅरो मुंगी’ तर मुळीच नको. तिच्या एका घरात अनेक राण्या असतात, घरे फुटून नवी होत जातात, आणि रुग्णालयांत ती जखमांवरचे जंतू इकडून तिकडे नेते.

मुंगी चावली किंवा तिने डंख मारला, तर जागा साबणाने धुऊन थंड पट्टी ठेवावी. ओठ-चेहरा सुजणे, अंगभर गांधी उठणे, धाप लागणे, चक्कर येणे यांपैकी काहीही झाले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.

एकच राणी, तीही अंगणातली

एप्रिल २०२५ मध्ये केनियात एकोणीस वर्षांचे दोन बेल्जियन तरुण पकडले गेले. त्यांच्याजवळ सुमारे पाच हजार राण्या होत्या. प्रत्येक नळीत ओला कापूस आणि त्याच्याजवळ राणी. वर सांगितलेलीच युक्ती, फक्त तस्करीसाठी वापरलेली. न्यायालयाने प्रत्येकाला दहा लाख केनियन शिलिंग दंड ठोठावला. युरोप-आशियातल्या हौशी लोकांना या आफ्रिकन मुंग्या हव्या असतात, म्हणून हा बाजार उभा राहिला.

पावसात उडालेल्या शेकडो राण्यांपैकी फार थोड्या जगतात. बाकीच्या पक्षी, बेडूक, पाली आणि इतर मुंग्या खातात. अंगणातली एक राणी नळीत ठेवल्याने जंगलाचे काही बिघडत नाही. पण चालते वारूळ खोदून राणी काढली, की ते सगळे वारूळ हळूहळू मरते, कारण तिची जागा भरून काढणे कामकरी मुंग्यांना शक्य नसते. शिवाय नवेगाव-नागझिऱ्यासारख्या संरक्षित जंगलातून काहीही उचलणे हा गुन्हा आहे, मग ती मुंगी का असेना. दूरच्या मुलखातली राणी मागवणे तर सर्वांत वाईट. दक्षिण अमेरिकेतली आगमुंगी १९३०च्या दशकात जहाजांतून अमेरिकेच्या मोबील बंदरात पोहोचली आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात पसरली. आजही ती तिथून हटलेली नाही.

गोंदियात सारसांची दरवर्षी मोजणी होते. मुंग्यांची कोण करणार? पण बांधीच्या धुऱ्यावर मेलेले किडे उचलणे, माती भुसभुशीत करणे, अळ्या खाणे ही कामे त्याच करत असतात.

आणि आयुष्य?

युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी प्रयोगशाळेत २८ वर्षांहून अधिक जगली. तिच्या कामकरी लेकी एक-दोन वर्षांत मरत होत्या, जनुके जवळपास तीच असूनही. मघाच्या उड्या मारणाऱ्या मुंगीत तर याहून नवल आहे. राणी मेली की काही कामकरी मुंग्या अंडी घालू लागतात, आणि त्यांचे आयुष्य सुमारे सात महिन्यांवरून चार वर्षांपर्यंत वाढते. अंडी घालायची तर इन्सुलिनची यंत्रणा जोरात चालावी लागते, आणि एरवी प्राण्यांत त्याने म्हातारपण लवकर येते. या मुंग्या मात्र इन्सुलिनची एक बाजू रोखणारे प्रथिन तयार करतात, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. माणसाच्या वार्धक्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ म्हणूनच मुंग्यांच्या नळ्यांकडे डोळे लावून आहेत.

यंदा पहिल्या पावसानंतर अंगणात पंख गळालेली डोंगळ्याची राणी दिसली, तर मुलांना एक नळी भरून द्या. मध लपवून ठेवा. आणि नळी कपाटात ठेवल्यावर रविवारपर्यंत कपाटाला हात लावायचा नाही, एवढे मात्र त्यांच्याकडून कबूल करून घ्या.