काचेच्या नळीतला गोडवा

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिलाय? चालू केला, की आधी आतल्या काचेच्या नळ्या तापायच्या, मग आवाज यायचा! १९५३ साली सुरू झालेलं आकाशवाणीचं पुणे केंद्र कित्येक घरांनी असंच ऐकलं.

रेडिओतले व्हॉल्व्ह गेले, पण गिटारच्या काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ते आजही असतात. का बरं? जोरात वाजवलं तरी त्यांचा आवाज एकदम फाटत नाही. त्यात हळूहळू उपस्वर मिसळतात. जवारी लागलेल्या तंबोऱ्यासारखा भरदार वाटतो!

व्हॉल्व्ह बदलताना काचेवरचा क्रमांक वाचायचा. '१२एएक्स७'ची वाढवण्याची क्षमता सुमारे १०० पट, '५७५१'ची ७०, तर '१२एवाय७'ची ४० पट. तिघांनाही नऊच पाय, खोबणीही एकच. कमी क्षमतेचा लावला, की आवाज मऊ होतो. म्हणजे महागडा नव्हे, योग्य तो निवडायचा.

पण सांभाळा हं! आत शेकडो व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतात. झाकण जाणकारांनीच उघडायचं. आपण कान देऊन ऐकायचं आणि सांगायचं, "काका, आवाज जरा मऊ हवाय!"