देवांना पुन्हा हाक मारताना

१९५३ सालचा डिसेंबर. इंग्लंडातली वर्षाची सर्वांत मोठी रात्र पुढ्यात होती. दुपारची जेवणं झाली आणि जेराल्ड गार्डनर यांनी आपल्या नव्या शिष्येला सांगितलं, की आज रात्रीच्या विधीत म्हणायला काहीतरी हवं, ते तू लिहून दे. शिष्येचं नाव डोरीन व्हॅलिएंटे, वय एकतीस. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तिला दीक्षा मिळाली होती. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवरची गेलिक भाषेतली जुनी स्तोत्रं आणि प्रार्थना अलेक्झांडर कारमायकेल यांनी गोळा करून १९०० साली छापल्या होत्या. तो संग्रह डोरीनच्या वाचनातला. त्यातल्या एका गाण्याचा धागा धरून तिने चंद्राच्या आणि सूर्याच्या राणीला उद्देशून एक पद्य रचलं. त्या रात्री मंडळींनी पेटत्या कढईभोवती फेर धरून ते म्हटलं. पुढच्या वर्षी गार्डनर यांच्या पुस्तकात ते छापूनही आलं. ते कोणी लिहिलं, कधी लिहिलं, याचा उल्लेख त्यात नव्हता. वाचणाऱ्याने ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं समजावं, अशीच मांडणी होती.

ही हकिगत कळल्यावर पहिल्यांदा मन खट्टू होतं. दुपारी लिहिलेलं रात्री मंत्र कसं होईल? पण जरा थांबून विचार केला, की प्रश्न उलटा आपल्याकडेच येतो. आपल्या षोडशोपचार पूजेत पहिला उपचार आवाहनाचा. गुरुजी म्हणतात, आपण अक्षता वाहतो, देव आला असं धरून पुढे आसन, पाद्य, अर्घ्य सुरू होतं. बोलवायचं कसं हा प्रश्न आपल्याला पडत नाही, कारण आपल्या आधी कुणीतरी बोलावलेलं असतं आणि त्याच्याही आधी कुणीतरी. ज्या देवांना हजार वर्षांत कुणी हाकच मारली नाही, त्यांना कोणत्या शब्दांनी बोलवायचं? युरोपातल्या नव्या पेगन पंथांपुढे हा पेच होता आणि आजही आहे. पेगन हा शब्द लॅटिन ‘पागानुस’वरून आला. त्याचा मूळ अर्थ खेड्यात राहणारा. ख्रिस्ती धर्माने जुन्या दैवतांना मानणाऱ्यांसाठी तो वापरला. विसाव्या शतकात काही माणसांनी तो आपणहून अंगावर घेतला.

गार्डनर हे त्यांतले पहिल्या फळीतले. मलायात कस्टम खात्यात नोकरी करून १९३६ साली ते निवृत्त झाले. दक्षिण इंग्लंडच्या न्यू फॉरेस्ट भागात एका जुन्या चेटकी-मंडळाने १९३९ साली आपल्याला दीक्षा दिली, असं ते सांगत. चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली त्यांचं ‘विचक्राफ्ट टुडे’ आलं. प्रस्तावना होती मार्गारेट मरे यांची. ख्रिस्तपूर्व काळातला एक धर्म चेटकिणींच्या रूपाने युरोपात छुपेपणाने टिकून होता, हा सिद्धान्त मरे यांनी १९२१ साली मांडला होता. मरे यांचा सिद्धान्त आज इतिहासकार मानत नाहीत. रोनाल्ड हटन यांनी १९९९ साली गार्डनर यांच्या या पंथाचा, म्हणजे विक्काचा, पहिला सविस्तर इतिहास लिहिला. विक्का हा आधुनिक इंग्लंडात घडलेला धर्म आहे, हा त्यांचा निष्कर्ष आता पंथातल्याही अनेकांनी स्वीकारला आहे.

डोरीनला मात्र याचा वास फार आधी आला होता. गार्डनर यांनी दिलेल्या विधींच्या वहीत ॲलिस्टर क्रोली या तांत्रिकाच्या लेखनातले उतारे तिने ओळखले. तिने सरळ विचारलं. आपल्याला मिळालेले विधी तुटक होते, मधल्या जागा भराव्या लागल्या, असं गार्डनर म्हणाले. आणि तुला याहून चांगलं जमत असेल तर कर, असं म्हणून वही तिच्या हाती दिली. तिने क्रोलीचा बराच भाग काढून टाकला. टस्कनीतल्या चेटकिणींची पोथी म्हणून चार्ल्स लेलंड यांनी १८९९ साली छापलेल्या ‘अरादिया’तला भाग ठेवला आणि बाकीचं स्वतः लिहिलं. ‘देवीची आज्ञा’ म्हणता येईल असं ते गद्य आज जगभरचे विक्कापंथीय म्हणतात. त्यात देवी ‘मी’ म्हणून बोलते.

आणि तसंच ते म्हटलंही जातं. पौर्णिमेच्या आसपास मंडळी जमतात. जमिनीवर रिंगण आखतात, चार दिशांना बोलावणं जातं, मग पुजारी पुजारणीसमोर उभा राहून देवीला तिच्या ठायी उतरण्याची विनंती करतो. याला ते चंद्र उतरवणं म्हणतात. नाव जुनं आहे. थेसलीच्या चेटकिणी चंद्र खाली ओढतात, ही समजूत ॲरिस्टोफेनिसच्या नाटकातही भेटते. त्यानंतर पुजारीण जे बोलते ते देवीचं बोलणं. शेवटी दिशांना निरोप, रिंगण मोडणं, म्हणजे आपल्याकडचं विसर्जन.

मराठी वाचकाला इथे अंगात येणं आठवेल. साम्य आहे, फरकही आहे. आपल्याकडे झाड काय बोलेल हे कुणी आधी लिहून ठेवत नाही. इथे देवीचे शब्द १९५०च्या दशकात एका बाईने लिहिले, ते कुणी लिहिले हे म्हणणारीलाही ठाऊक आहे, तरी ती ते देवीचे म्हणून उच्चारते. मला यात खोटेपणा दिसत नाही. गवळणीतली गोपी संतांच्या शब्दांत बोलते आणि ऐकणाऱ्याचे डोळे भरतात. तिथे आपण कर्त्याचं नाव विचारून अडून बसत नाही. खटकते ती लपवालपवी, आणि तिच्याबाबत डोरीन स्वच्छ होती. १९८९ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात तिने काय जुनं, काय उसनं आणि काय आपलं, हे सारं उघड सांगितलं. १९९९ साली ती ब्रायटनमध्ये वारली. तिच्या तिथल्या घराच्या इमारतीवर २०१३ साली निळी स्मृतिपाटी लागली.

या पंथातला जो मंत्र खरोखर जुना आहे त्याची कथा आणखी विलक्षण. एको एको या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंत्राला काही ओळी जोडून म्हणतात. त्यांना कोणत्याही ज्ञात भाषेत अर्थ नाही. त्या सापडतात पॅरिसच्या रुटबफ या कवीच्या नाटकात, १२६०च्या सुमारास. थिओफिल नावाचा धर्मोपदेशक सैतानाशी करार करतो, आणि सलातां नावाचं पात्र सैतानाला बोलावताना हे शब्द उच्चारतं. त्या बास्क भाषेतल्या असाव्यात, असा तर्क झाला. पटेल असा अर्थ लागला नाही. थोडक्यात, ख्रिस्ती नाटककाराने सैतानासाठी घातलेली हाक सातशे वर्षांनी देवांसाठी वापरात आली. ह्रीं, क्लीं या बीजमंत्रांना कोशातला अर्थ नसतो, आणि नाथपंथी शाबरी मंत्रांत व्याकरण शोधू नये, हे आपल्याकडे पोरालाही कळतं. तिथे जोर असतो गुरूच्या आज्ञेचा. रुटबफच्या ओळींमागे असा गुरू नव्हता. तो जोर म्हणणाऱ्यांनी गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत म्हणून म्हणून भरला.

माझी अडचण वेगळ्या ठिकाणी होते. ‘देवीच्या आज्ञे’च्या सुरुवातीला नावं येतात: आर्टेमिस, अस्टार्टी, अथीना, अफ्रोडायटी, इसिस, वेल्समधली केरिड्वेन, आयर्लंडची ब्राइड. एकाच माउलीची ही नावं, असा भाव आहे. अमेरिकेत पुढे सात देवींच्या नावांचं एक गाणं पसरलं, त्यात काली आहे. आमचा गोंधळीही देवांची लांब यादी म्हणतो. पण तो प्रत्येकाला त्याच्या गावासकट बोलावतो: तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, जेजुरी, पंढरपूर. कुठून निघायचं आणि कुठल्या अंगणात यायचं, दोन्ही त्या हाकेत असतं. गाव काढून घेतलं की नावाची नुसती माळ उरते. कालीच्या बाबतीत तर हे फार जाणवतं. तिला कालीघाटात रोज भेटायला जाणारी माणसं आहेत. तिला बोलावायचं तर त्या माणसांकडून ते शिकून घ्यावं. इसिसच्या आणि इनानाच्या ओळीत तिला उभं करणं हा मला उतावळेपणा वाटतो.

आइसलँडमध्ये पेच वेगळ्या रीतीने सुटला. देश ख्रिस्ती झाला साधारण इ.स. १००० मध्ये, पण देवांची कवनं तेराव्या शतकातल्या हस्तलिखितात उरली होती. एड्डा काव्यांचं हे मुख्य हस्तलिखित १९७१ साली डेन्मार्कने परत केलं आणि १९७२ साली स्वेनब्योर्न बेइंटेइन्सन या मेंढपाळ कवीने असात्रूची, म्हणजे जुन्या देवांना मानणाऱ्या पंथाची, संघटना उभी केली. जुन्या रीमुर गायनाचा तो पट्टीचा गायक. त्यामुळे शब्द मिळाले पोथीतून आणि सूर मिळाला घरातून. आज चार लाखांहूनही कमी वस्तीच्या त्या देशात संघटनेचे पाच हजारांवर सभासद आहेत.

आणि लिथुआनिया. या विषयाच्या वाचनात माझा जीव सर्वाधिक तिथे रमला. युरोपात सर्वांत उशिरा, १३८७ साली, ख्रिस्ती झालेला हा देश. तिथे पोथी उरली नाही, चूल उरली. घरातल्या विस्तवाची देवी गाबिया. रात्री निखारे राखेखाली झाकताना घरची बाई तिला शांत निजायला सांगे, कधी हात-पाय धुवायला शेजारी पाण्याचं भांडं ठेवी. विस्तवात चिमूटभर मीठ टाकून तृप्त हो म्हणे. जमिनीची देवी झेमिना. पेला तोंडाला लावण्याआधी बिअरचा घोट तिच्या नावाने भुईवर सांडायचा, आणि या कृतीला त्या भाषेत स्वतंत्र क्रियापद आहे. सतराव्या शतकात प्रेटोरियस या पाद्र्याने या रीती तपशिलाने लिहून ठेवल्या. गाणी, तिथला शब्द ‘दाइना’, बायकांच्या तोंडी राहिली. त्यांचा पहिला मोठा संग्रह लिउदविकास रेझा यांनी १८२५ साली छापला.

सोव्हिएत राजवटीत या गाण्यांकडे पुन्हा वळणाऱ्या तरुणांत योनास त्रिंकूनास होते. त्यांच्या चळवळीची सुरुवात विल्नियसमधल्या भारतमित्र मंडळातून झाली, हे आपल्याला मुद्दाम सांगण्यासारखं. संस्कृत आणि लिथुआनियन यांचं सख्य त्यांना ठाऊक होतं: अग्नीला उग्निस, देवाला दिएवास, मेंढीला (आपल्या ‘अवि’ला) आविस. गडगडाटाचा देव पेर्कूनास आणि वेदांतला पर्जन्य यांचं नातं मात्र वादाचं आहे. तेव्हा ‘म्हणजे ते आपलेच’ अशी आरोळी ठोकायचं कारण नाही. भारताकडे पाहून त्यांना एवढंच कळलं, की अग्नीशी बोलणं ही आजही जगता येण्यासारखी गोष्ट आहे. मग ते आपल्या आज्यांकडे गेले.

१९६७ साली केर्नावेच्या टेकड्यांवर त्यांनी उन्हाळ्यातल्या सर्वांत लहान रात्रीचा रासोस सण पुन्हा साजरा केला. १९७१ मध्ये चळवळ दडपली गेली. त्रिंकूनास यांची विद्यापीठातली नोकरी गेली, कित्येक वर्षं अंगमेहनत करून पोट भरावं लागलं. देश स्वतंत्र होत असताना रोमुवा या नावाने पंथ उभा राहिला. त्यांचा विधी साधा आहे. दगडांच्या वेदीवर अग्नी पेटतो, त्यात मीठ, धान्य पडतं, भुईवर पेय सांडतं आणि सगळे मिळून दाइना गातात. ईशान्येकडच्या सुतार्तिनेस गाण्यांत दोन सूर एकमेकांना इतके खेटून चालतात, की नवख्या कानाला ते खुपतात. गाणाऱ्या बायकांना त्यातच आनंद. २०१० साली ही गाणी युनेस्कोच्या वारसायादीत गेली. इथे देवीला दुरून आणावं लागत नाही. ती समोर जळते आहे, पायाखाली आहे. म्हणून या आवाहनात विनवणी कमी आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलणं अधिक. मी वाचलेल्या साऱ्या नव्या विधींत मला हा सर्वांत खरा वाटतो.

२००२ साली त्रिंकूनास ‘क्रिविस’ म्हणजे मुख्य पुरोहित झाले. जानेवारी २०१४ मध्ये ते गेले आणि पुढे त्यांच्या पत्नी इनिया त्या जागी आल्या. संसदेने २०१९ साली पंथाला राज्यमान्यता नाकारली. प्रकरण स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात गेलं आणि ८ जून २०२१ रोजी निकाल रोमुवाच्या बाजूने लागला. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेने मान्यता दिली. रोमुवाच्या अग्नीसमोर लागलेलं लग्न आता लिथुआनियाच्या सरकारदरबारी लग्न म्हणून नोंदवता येतं.