आधी झोन आखा, सेन्सिटिव्हिटी नंतर

घरच्या कॅमेऱ्याचं मोशन डिटेक्शन सुरू करताना बरेच जण आधी सेन्सिटिव्हिटी वाढवतात. माझ्या मते सुरुवात झोन, म्हणजे चित्रातल्या ज्या भागातली हालचाल टिपायची तो भाग, आखण्यापासून व्हायला हवी. साधं मोशन डिटेक्शन माणूस ओळखत नाही. लागोपाठच्या फ्रेममध्ये किती पिक्सेल बदलले, एवढंच ते पाहतं. त्यामुळे हलणारी फांदी, हेडलाइटचा झोत, पावसाच्या सरी हे सगळं त्याला हालचालच वाटतं. रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात लेन्ससमोरचं कोळ्याचं जाळंही पांढरं चमकतं. अशा सूचनांचा मारा झाला की माणूस त्या बघणंच सोडतो आणि खरी सूचना त्यातच बुडते. म्हणून झोनमध्ये फाटक, दार, जिना एवढंच घ्या. रस्ता आणि झाडं वगळा. मग सेन्सिटिव्हिटी मध्यम ठेवून दिवसा आणि रात्री स्वतः चालून तपासा.

झोन लहान केला तर पुरावा निसटेल, हा आक्षेप रास्त आहे. पण सूचना वेगळी, रेकॉर्डिंग वेगळं. विजेवरच्या कॅमेऱ्यात मेमरी कार्डवर अखंड रेकॉर्डिंग ठेवलं, की झोनबाहेरचंही साठतं. एआय माणूस ओळखतो, मग झोन कशाला, असंही विचारलं जातं. पण रस्त्यावरून जाणारेही माणसंच असतात! बॅटरीवरच्या कॅमेऱ्यांत मात्र बहुधा पीआयआर सेन्सर असतो. तो उष्णतेतला बदल टिपतो आणि सरळ समोरून येणाऱ्यापेक्षा आडवं जाणाऱ्याला चटकन पकडतो. तेव्हा असा कॅमेरा वाटेला तिरपा लावा. कमी पण नेमक्या सूचना, हीच खरी सुरक्षा.