साठीनंतर वजनाचं दुसरं ऑपरेशन: आधी कारण, मग निर्णय

पनवेलहून मुंबईला किंवा पुण्याला जाऊन दहा-बारा वर्षांपूर्वी वजनाचं ऑपरेशन करून घेतलेली माणसं आता साठीच्या घरात आली आहेत. त्यातल्या काहींचं वजन पुन्हा वाढलंय. काहींना रात्री आडवं झालं की घशाशी आंबट येतं. पण बोलायची लाज वाटते, कारण घरात लगेच ऐकावं लागतं, ‘एवढा खर्च केला, उपयोग काय झाला?’ अवघड जागेचं दुखणं म्हणतात ना, तसंच हे. म्हणून आज आम्ही एकाच प्रश्नावर बोलणार आहोत: या वयात पुन्हा ऑपरेशन करावं का?

उत्तराचा गाभा आधीच सांगतो. वय किती, यापेक्षा ऑपरेशन कशासाठी करायचं आणि अंगात ताकद किती, हे दोन प्रश्न मोठे आहेत.

वजन परत येणं म्हणजे अपयश नव्हे

स्वीडनमध्ये 1987 साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात बायपास केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्क्यांनी उतरलं. दहा वर्षांनी ही घट 25 टक्के उरली. म्हणजे 100 किलोचा माणूस 68 वर गेला आणि पुढे 75 वर आला. थोडं वजन परत येणं हा शरीराचा स्वभावच आहे. भूक वाढवणारी यंत्रणा हळूहळू पुन्हा जोर धरते.

त्यात वयाची भर पडते. गुडघे दुखतात म्हणून चालणं कमी होतं, स्नायू घटतात. इन्सुलिन, स्टेरॉइड आणि नैराश्यावरची काही औषधं वजन वाढवतात. थायरॉइड बिघडलेलं असू शकतं. आणि चहा-बिस्किट, फरसाण, आइस्क्रीम असले पदार्थ लहान झालेल्या जठरातूनही सहज उतरतात. पोट भरत नाही, कॅलरी मात्र भरतात.

नक्की बिघडलंय काय?

दुसऱ्या ऑपरेशनची कारणं ढोबळमानाने तीन.

पहिलं, रचनेतला दोष. पूर्वी बसवलेला पट्टा सरकतो किंवा जठरात रुततो. बायपासच्या जोडावर व्रण होतो. अशा वेळी प्रश्न वजनाचा नसतो, दुरुस्तीचा असतो. ती टाळून चालत नाही.

दुसरं, आम्लपित्ताचा त्रास. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे पाऊण भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करतात. त्यामुळे आतला दाब वाढतो आणि काहींना आम्ल वर येतं. औषधांनी भागलं नाही तर स्लीव्हचं बायपासमध्ये रूपांतर करतात. त्रास कमी व्हायला त्याचा बऱ्याच जणांना उपयोग होतो.

तिसरं, फक्त वाढलेलं वजन. इथे सगळ्यात जास्त विचार करायला हवा. दुसऱ्या वेळी आत जुने व्रण, चिकटलेले भाग असतात. गळती, रक्तस्राव यांचा धोका पहिल्यापेक्षा जास्त आणि वजनातली घट सहसा पहिल्यापेक्षा कमी.

यातलं आपलं कारण कोणतं, हे एंडोस्कोपी आणि बेरियमच्या तपासणीतून बरंचसं कळतं. त्याशिवाय ‘करून टाकू’ म्हणू नका. आणि पहिल्या ऑपरेशनचा कागद शोधून ठेवा. आत काय जोडलंय, हे नव्या सर्जनला त्यावरूनच नीट समजतं.

वय नव्हे, ताकद

आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2022 मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांत वयाची वरची मर्यादा नाही. अशक्तपणा पाहा, असं म्हटलंय. घरी एक अंदाज घेता येतो. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून, हात छातीशी घेऊन, पाच वेळा उठा-बसा. शेजारी कोणीतरी उभं असू द्या. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंची ताकद कमी असल्याची शंका घेतात. वडाळे तलावाभोवती फेरी मारताना मध्येच बसावं लागतं का, तेही डॉक्टरांना सांगा.

कारण साठीनंतर वजनाबरोबर स्नायू आणि हाडंही झिजली तर काटा खाली येतो, पण माणूस पडतो, हाड मोडतं. म्हणून हिमोग्लोबिन, लोह, बी-12, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, हाडांची घनता, हृदय आणि झोपेतला श्वास, एवढं आधी तपासा. प्रथिनं रोज साधारण 60 ग्रॅम तरी हवीत. किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवा. एका अंड्यात 6 ग्रॅम असतात, यावरून हिशेब करा. मासळी, अंडी, दही, पनीर, वाल-मटकी आधी, भात नंतर.

दुसरा रस्ता

टिर्झेपटाइड मार्च 2025 मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून 2025 मध्ये भारतात आलं. रचनेत दोष नसेल तर ऑपरेशनआधी या इंजेक्शनांचा विचार डॉक्टरांबरोबर जरूर करावा. पण बंद केल्यावर वजन परत वाढतं, आणि स्नायू इथेही घटतात. मेडिकलमधून स्वतःच आणून सुरू करायचं हे औषध नाही.

विम्याचं थोडक्यात: प्रमाणित अटींत बीएमआय 40, किंवा 35 आणि सोबत ठरावीक गंभीर आजार, असा निकष आहे. दुसरं ऑपरेशन त्यात बसतं का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

श्रोत्यांचे प्रश्न

*गुडघा बदलायचाय. डॉक्टर म्हणतात, आधी वजन उतरवा.*

किती किलो, हा आकडा त्यांच्याकडून घ्या. कधी सात-आठ किलोंवर काम भागतं, त्यासाठी पोट पुन्हा उघडायची गरज नसते. आणि बायपास झाला असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नका. जोडावर व्रण होतो.

*मुलगा म्हणतो, आई, आता या वयात कशाला? त्याला काय सांगू?*

मावशी, पुढच्या भेटीला त्याला बरोबर न्या. ‘बारीक व्हायचंय’ म्हणू नका. रात्री सरळ झोपता यावं, जिना चढता यावा, स्वतःची अंघोळ स्वतः करता यावी, यातलं तुम्हाला काय हवंय ते त्याच्यासमोर डॉक्टरांना सांगा. ऑपरेशनने ते मिळणार असेल तर वय आड येत नाही. मिळणार नसेल, तर मुलगा म्हणतोय ते बरोबर आहे.