हैदराबादच्या गोष्टी : सोनं, धावपट्टी आणि लंडनचं खातं

या आठवड्यात बीदर जिल्ह्यातल्या गोरटा गावच्या हत्याकांडाबद्दल लिहितो म्हणालो होतो. ते पुढं ढकलतोय. कारण हुमनाबादच्या एका वाचकांचा फोन. मोबाइलवर वर्षानुवर्षं फिरणारा तो मजकूर त्यांच्याकडंही पोचलाय : १९६५ च्या युद्धाच्या वेळी शास्त्रीजींनी हाक दिली आणि निजामानं ५ टन सोनं देशाला दान केलं, फक्त लोखंडी पेट्या तेवढ्या परत मागितल्या. "तुम्ही त्याला दुतोंडी ठरवायला निघालात, मग याचं काय?" असा त्यांचा रोकडा सवाल.

सवाल रास्त आहे. सोनं दिलं, हे खरं. पण ५ टन नव्हे, सव्वाचारशे किलो. आणि दान म्हणून नव्हे, तर राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत गुंतवून, साडेसहा टक्के व्याजानं. त्यात गैर काही नाही. देशाला सोन्याची निकड होती, सरकारनं रोखे काढले, यानं घेतले. पण गुंतवणुकीचं दान झालं, किलोचे टन झाले, आणि लोक अजून गहिवरतात. म्हणून माझं एवढंच म्हणणं असतं की निजाम मीर उस्मान अलीची फर्मानं वाचायची तर वाचा, पण त्याची खातेवही आधी उघडा.

दातृत्वाची दुसरी गोष्ट पुण्याची. तिथल्या भांडारकर संस्थेत 'निजाम गेस्ट हाऊस' आजही उभं आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्याच्या सरकारनं अनुदान दिलं, तेही खरं. पुण्यात हा विद्येचा आश्रयदाता. आणि त्याच सुमाराला आपल्या बीदर-गुलबर्ग्यात 'गश्ती निशाण ५३' : सभा भरवायची तर आधी सरकारी परवानगी काढा! शास्त्र्यांनी संस्कृत पोथ्या जुळवायला हरकत नव्हती. रयतेनं चावडीपुढं चार शब्द बोलायला होती.

आता १९४७-४८ कडं येऊ. २९ नोव्हेंबर १९४७ ला 'जैसे थे' करार झाला. वर्षभर दोन्ही बाजूंनी शांत राहायचं, बोलणी चालू ठेवायची. कराराची शाई वाळते न वाळते तोच हैदराबादनं पाकिस्तानला २० कोटींचं कर्ज दिल्याचं उघड झालं, आणि तेही भारत सरकारच्या रोख्यांमधून! दिल्लीत शिष्टमंडळं चहा घेत होती, आणि विमानं उतरत होती बीदरला.

या धावपट्टीचा मला जुना नाद आहे, तेव्हा इथं जरा रेंगाळतो. आज बीदरकरांना विमानाचं अप्रूप उरलेलं नाही. हवाई दलाची प्रशिक्षणाची हॉक विमानं दिवसभर डोक्यावर घरघरतात, सूर्यकिरण पथकाचा मुक्काम इथंच, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये प्रवासी विमानही सुरू झालं. पण हा तळ मूळचा दुसऱ्या महायुद्धातला. तांबड्या जांभ्याचं सपाट पठार, हैदराबाद शहरापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर लांब. भारताचे एजंट जनरल कन्हैयालाल मुन्शी बसलेले बोलारमला. बीदरला रात्री काय उतरतं, ते त्यांना तिथून थोडंच दिसणार?

उतरत होती लँकॅस्ट्रियन विमानं. चार इंजिनांची, लँकॅस्टर या बॉम्बफेकी विमानापासून बनवलेली. ती आणणारा सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन गडी म्हणजे एक कादंबरीच. वैमानिकांना थंडीपासून वाचवणारा 'सिडकॉट' पोशाख याचा. महायुद्धाच्या तोंडावर जर्मनीवरून उडून चोरून फोटो काढणारा हाच. १९४८ च्या उन्हाळा-पावसाळ्यात तो कराचीहून भारताच्या डोक्यावरून शस्त्रं आणून बीदर आणि वरंगळला उतरवत होता. पुढं लंडनमध्ये त्याला दंड झाला, अवघा २०० पौंड. ऑगस्टमध्ये हैदराबाद सरकार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडं गाऱ्हाणं घेऊन गेलं, की शेजारी आमच्यावर दांडगाई करतोय. गाऱ्हाण्याचा कागद तिकडं आणि शस्त्रांच्या पेट्या इकडं, दोन्ही एकाच मोसमात.

१३ सप्टेंबरला भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ ला सगळं आटोपलं. २३ तारखेला निजाम रेडिओवर आला : मी तर समझोत्याला तयार होतो, एका टोळक्यानं माझ्या प्रधानाच्या घराला वेढा घातला आणि नवं मंत्रिमंडळ माझ्या गळ्यात मारलं. यातला वेढा खरा आहे. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याच्या माणसांनी प्रधान छत्तारीचे नवाब आणि निजामाचे सल्लागार मॉन्क्टन यांची घरं घेरली होती. पण निजामाच्या कार्यकारी मंडळानं आधीच मंजूर केलेल्या 'जैसे थे' कराराच्या मसुद्यावर सही टाळून रझवीला बोलावून घेणारा कोण? ते भारताच्या संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी लिहून ठेवलंय : खुद्द निजाम. आणि ज्या मसुद्यावरून एवढा गोंधळ झाला, जवळपास त्याच मसुद्यावर महिन्याभरात त्यानंच सही केली. माझ्या मते रझवी हा निजामाला हवा तेव्हा हवा होता, नको तेव्हा त्याचं ओझं झालं.

आणि लंडनचं खातं. त्याच सप्टेंबरात हैदराबादचे १०,०७,९४० पौंड पाकिस्तानचे लंडनमधले उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या नावावर गेले. २७ सप्टेंबरला निजामाची बँकेला तार : हे माझ्या परवानगीशिवाय झालं, पैसे परत करा. तेव्हा हैदराबादेत लष्करी गव्हर्नर होते जनरल चौधरी, हे लक्षात ठेवून ती तार वाचावी. बँकेनं पैसे कुणालाच दिले नाहीत. खटला रखडत २ ऑक्टोबर २०१९ ला निकाली निघाला. रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर पोचली होती. पाकिस्तानचं एक म्हणणं असं होतं की ही हैदराबादला पुरवलेल्या शस्त्रांची किंमत. न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी ते मानलं नाही. पैसा निजामाचे नातू आणि भारत सरकार यांच्या बाजूला आला. म्हणजे बीदरला उतरलेल्या त्या पेट्यांवर ७१ वर्षांनी लंडनच्या कोर्टात खल झाला!

हुमनाबादकर, निजामावरच खापर फोडून मी मोकळा होणार नाही. दिल्लीनं जगाला सांगितलं 'पोलिस ॲक्शन', आणि सोलापूरकडून नळदुर्ग, राजेश्वर, तुमचं हुमनाबाद करत निघालं ते चिलखती डिव्हिजन. त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं केली. सगळ्यांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड अशी नोंद तिनं केली. तो अहवाल कपाटात गेला तो २०१३ पर्यंत लोकांच्या हाती आला नाही. स्वतः निजाम मात्र २६ जानेवारी १९५० ला भारतीय प्रजासत्ताकात राजप्रमुख झाला आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिला.

मे १९४८ चं गोरटा आणि सुंदरलालांचा अहवाल एकाच बैठकीत वाचायला हवेत. ते पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर एक विनंती. बीदर तळाच्या आसपासच्या खेड्यांत त्या पावसाळ्यातली रात्रीची विमानं आठवणारं कुणी असेल, किंवा घरातल्या थोरांकडून ऐकलेलं असेल, तर गावाच्या नावासह लिहून पाठवा. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा, तेही चालेल.